म्हशींची देवी आणि खानदेश

म्हशींची देवी : म्हशींच्या कासेवर व सडांवर फोड आणणारा संसर्गजन्य विषाणुजन्य रोग. देवीच्या विषाणूंच्या कुलातील एका विषाणूमुळे तो होतो. भारत, पाकिस्तान, नेपाळ, ईजिप्त इ. म्हशी पाळणाऱ्या देशांत तो आढळला आहे. सडांवर प्रथम लालसर ठिपके दिसतात, त्यांच्या पुटकुळ्या बनतात, त्यांत पू होतो आणि शेवटी खपली धरते. कास सोडून इतरत्र फोड येतात, तेव्हा ते बहुधा जांघेत, कानांच्या मुळाशी किंवा डोळ्यांभोवती असतात. दूध पिणाऱ्या रेडकाच्या तोंडाभोवतीही ते उमटतात. जनावर सहसा दगावत नाही. परंतु दुखऱ्या सडांना हात लावू देत नसल्याने धार नीट निघत नाही, दूध कासेत साचते व पुष्कळदा कासदाह होऊन एखादे सड कायमचे निकामी होते. दोन-तीन म्हशींवर घरखर्च चालविणाऱ्या कुटुंबाला हे नुकसान जनावर मेल्याइतकेच जाणवते.

हा रोग माणसालाही होतो. धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर व पुढील हातावर फोड उठतात, काखेतील गाठी सुजतात, ताप येतो व काही आठवड्यांत खपल्या पडून व्रण राहतात. त्यामुळे जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांत त्याची गणना केली जाते. ही गणना योग्य असली, तरी ती अपुरी आहे. या रोगाच्या इतिहासातून सर्वांत जास्त पाठिंबा मिळालेले अनुमान असे की, हा विषाणू मुळात माणसाकडून, म्हणजे गोठ्याच्या मालकाच्या किंवा धार काढणाऱ्याच्या दंडावरून म्हशीकडे गेला. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण खानदेशात, धुळे जिल्ह्यात घडले.

मराठीत ‘देवी’ हा शब्द रोगाला व त्या रोगावरील लशीलाही वापरला जात असे. मुलाला ‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला आणि मुलाला ‘देवी काढल्या’ म्हणजे लस टोचली. भाषेतील या सरमिसळीला नकळत शास्त्रीय आधार आहे. लस ही सौम्य स्वरूपाच्या दुसऱ्या एका रोगाची जाणूनबुजून केलेली लागण होती. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १७९६ मध्ये एका गवळणीच्या हातावरील गायीच्या देवीच्या फोडातील द्रव एका मुलाच्या दंडात टोचला. पुढे सुमारे सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. हे भारतातील पहिले यशस्वी लसीकरण होय. बगदाद व बसरा या मार्गाने आलेली ही लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळीने टिकवावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या कातडीवर लस वाढविण्याची पद्धत आली. भारतात या कामासाठी मुख्यतः रेडके वापरीत. मुंबई इलाख्यासाठी बेळगाव येथे स्वतंत्र लस संस्था उभारण्यात आली. म्हशीच्या कातडीवर लशीचा विषाणू उत्तम वाढतो, ही गोष्ट अशा रीतीने शासकीय लस संस्थांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोजच्या अनुभवाने ठाऊक होती. तो विषाणू संस्थेच्या भिंतीबाहेरील म्हशींतही वाढू शकेल, हा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

लशीतील हा विषाणू व्हॅक्सिनिया या नावाने ओळखला जातो. तो जेन्नरच्या गायीच्या देवीचा विषाणू नाही. दीड शतक दंडावरून दंडावर व कातडीवरून कातडीवर फिरताना केव्हा तरी मूळ विषाणूची जागा दुसऱ्यानेच घेतली, असे विसाव्या शतकात लक्षात आले. मंगोलियात १९७६ मध्ये घोड्यांपासून मिळविलेल्या विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो व्हॅक्सिनियाच्या अगदी जवळचा निघाला. अमेरिकेतील १९०२ सालच्या एका लशीच्या नमुन्यातही घोड्यांच्या देवीशी जवळीक दाखविणारा विषाणू सापडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. गायीच्या देवीचे मूळ घोड्याच्या खुरांच्या रोगात आहे, असे खुद्द जेन्नर मानीत असे व त्याबद्दल त्याची चेष्टाही झाली होती.

म्हशींच्या देवीची पहिली नोंद लाहोरची आहे. तेथील दुभत्या जनावरांत आलेल्या साथीचे वर्णन जी. के. शर्मा यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी त्या साथीला देवी व लस या दोहोंशी जोडणारे नाव दिले होते. संसर्गाचा उगम माणसात असावा, ही शंका म्हणजे या रोगाच्या पहिल्या वर्णनाइतकीच जुनी आहे. पुढे १९६७ मध्ये आय. पी. सिंग व एस. बी. सिंग यांनी हिस्सार येथे विषाणू वेगळा करून त्याचे गुणधर्म सांगितले. १९७१ मध्ये बॅक्सबी व हिल या ब्रिटिश संशोधकांनी त्याची व्हॅक्सिनियाशी तुलना केली. दोघांचे साम्य दाट होते, पण उष्ण तपमानात वाढण्याची शक्ती, सशाच्या कातडीवरील परिणाम यांसारख्या बाबतींत फरकही होता.

धुळे येथील साथ : तापीच्या खोऱ्यात पसरलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांनाच पुढे जळगाव व धुळे ही जिल्ह्यांची नावे मिळाली. १९७० नंतरच्या दशकात धुळे जिल्ह्यात आजचा नंदुरबार जिल्हाही (स्थापना १९९८) समाविष्ट होता. तापी व पांझरेकाठची सधन गावे, साक्रीकडील कोरडवाहू पट्टा आणि सातपुड्यातील आदिवासी वस्त्या असा हा विस्तृत प्रदेश होता. या जिल्ह्यात १९७६ च्या सुमारास म्हशींच्या सडांवर व त्यांच्याजवळ वावरणाऱ्या माणसांच्या अंगावर फोडांची साथ आली.

फोडांची साथ म्हटली की शासनयंत्रणेच्या काळजाचा ठोका चुकावा, असाच तो काळ होता. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे सापडला होता. त्यानंतर दोन वर्षे एकही रुग्ण न आढळल्यासच भारत देवीमुक्त झाल्याचा दाखला आंतरराष्ट्रीय आयोगाकडून मिळणार होता. गावोगाव घरोघरी शोधपथके फिरत होती. रुग्ण दाखविणाऱ्याला द्यावयाच्या बक्षिसाची रक्कम १९७५ मध्ये एक हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आली होती. अंगावर पुरळ उठलेल्या प्रत्येक संशयिताची तपासणी होत होती. शिवाय देवीच्या निर्मूलनाची सारी भिस्त एका गृहीतावर होती : या रोगाचा विषाणू केवळ माणसातच राहतो, कोणत्याही जनावरात त्याला आसरा नाही. आफ्रिकेत १९७० मध्ये माकडांच्या देवीचा विषाणू माणसात आढळला होता, त्यामुळे या गृहीताकडे जगभरचे तज्ञ डोळ्यांत तेल घालून पाहत होते. खानदेशातल्या गोठ्यांत माणसाच्या देवीचा विषाणू दडून बसला आहे असे ठरले असते, तर लाखो टोचणाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांचे फळ हातचे गेले असते.

या साथीचा तपास दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेतील सेहगल, रे, घोष, अरोरा, वट्टल या शास्त्रज्ञांनी केला. त्यांचे दोन लेख १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकात प्रयोगशाळेतील तपासणी, तर दुसऱ्यात साथीच्या प्रसाराचा अभ्यास होता. निष्कर्ष स्पष्ट होता : जनावरांतील व माणसांतील ही साथ म्हशींच्या देवीची होती, माणसांच्या देवीची नव्हती. अशा निदानासाठी त्या काळी मुख्यतः कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणावर विषाणू वाढवीत. माणसाच्या देवीचा विषाणू तेथे बारीक, पांढरे, घुमटासारखे ठिपके उमटवितो, तर व्हॅक्सिनियाचे ठिपके मोठे व पसरट असतात. सशाचाही या कामी उपयोग होई. माणसाच्या देवीचा विषाणू सशाच्या कातडीत नीट मूळ धरीत नाही, व्हॅक्सिनिया मात्र तेथे सहज फोड आणतो. एप्रिल १९७७ मध्ये भारताला देवीमुक्तीचा दाखला मिळाला. ८ मे १९८० रोजी सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

संसर्गाची दिशा : विषाणू माणसाच्या देवीचा नव्हता, एवढे सिद्ध झाले. पण मग तो आला कोठून, हा प्रश्न शिल्लकच राहिला. याचे उत्तर शोधताना टोचलेल्या दंडाचा विचार करावा लागतो. लस टोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुटकुळी येते, आठवड्याने ती पुवाने टच्च भरते आणि खपली पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. या अवधीत त्या फोडात जिवंत विषाणू असतो. फोड खाजतो, खाजविलेला हात तसाच म्हशीच्या कासेला लागतो. ओल्या सडांना लहानसहान चिरा असतातच. विषाणूला याहून अधिक सोयीची वाट मिळणे कठीण. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाल्यावर मुलांबरोबर प्रौढांनाही पुन्हा पुन्हा लस देण्यात आली. धार काढणारे बहुधा प्रौढच असतात. म्हणजे ताजा फोड आणि म्हशीची कास यांची गाठ पडण्याचे प्रसंग या काळात पूर्वी कधी नव्हते इतके वाढले.

हा केवळ तर्क नव्हे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात लसीकरणानंतर गुरांत व माणसांत व्हॅक्सिनियाची साथ पसरल्याचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ब्राझीलमध्ये लसीकरण थांबून बरीच वर्षे लोटल्यावर, १९९९ मध्ये, रीओ दे जानेरो राज्यातील कांतागालो भागात दुभत्या गायींच्या सडांवर व गवळ्यांच्या हातांवर फोड आले. तो विषाणू त्या देशात पूर्वी वापरलेल्या लशीतील विषाणूचा निकटचा नातलग निघाला. लशीचा विषाणू माणसाच्या दंडावरून निसटून गुरांत वस्ती करू शकतो, हे यावरून दिसते.

खानदेश व महाराष्ट्राच्या बाबतीत अशी एखादी विशिष्ट घटना, अमुक दंडावरून अमुक म्हशीकडे, दाखविता येत नाही. येथे पुरावा विषाणूच्या घडणीचा आहे. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ या काळात म्हशींच्या देवीच्या साथी पुन्हा उद्भवल्या. देवीच्या विषाणूंचे जाणकार कीथ डंबेल यांनी या साथींतील नमुने तपासून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. म्हशींच्या देवीचा विषाणू हा व्हॅक्सिनियाचाच उपप्रकार मानावा, असे या व नंतरच्या जनुकीय अभ्यासांतून ठरले आणि विषाणूंच्या वर्गीकरणात त्याला तेच स्थान आहे. मात्र प्रचलित लशींतील विषाणूंपासून तो काही बाबतींत वेगळा आहे. वेगळेपणाचा एक अर्थ असा की, दंडावरून निसटल्यावर तो म्हशींतच पिढ्यान्‌पिढ्या वाढून बदलला. दुसरा अर्थ असा की, लस व म्हशींची देवी या दोन्ही एखाद्या जुन्या, प्राण्यांतील विषाणूच्या स्वतंत्र शाखा आहेत. पहिला अर्थ बहुतेक तज्ञ स्वीकारतात व लाहोरच्या नोंदीचा कालखंडही त्यालाच जुळतो : भारतात लस फिरू लागून सव्वाशे वर्षे झाल्यावर हा रोग वर्णिला गेला. दुसरा अर्थ अगदीच निकालात काढणे मात्र घाईचे होईल. रोगाची नोंद नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

मूळ काहीही असो, एका गोठ्यातील प्रसाराविषयी दुमत नाही. एका म्हशीपासून दुसरीकडे हा रोग मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातानेच जातो. आजारी म्हशीची धार काढून हात न धुता शेजारच्या म्हशीखाली बसणारा मालक स्वतःच्या हाताने तिला रोग देत असतो. पुष्कळदा त्याच्या बोटांवर स्वतःचेही फोड असतात. यामुळे आजारी जनावराची धार शेवटी काढावी, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, हातावर फोड असलेल्याने धार काढू नये आणि सड सौम्य जंतुनाशकाने धुऊन कोरडे करावेत, असा सल्ला पशुवैद्य देतात. सल्ला सोपा वाटला, तरी ज्या घरात धार काढणारे माणूस एकच आहे तेथे तो पाळणे अवघड जाते.

इतर पाळीव प्राणी : माणसाकडून पाळीव प्राण्याकडे रोग जाण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत, पण जनावर माणसाला काय देते याचाच शोध अधिक घेतला गेल्याने ती मागे राहिली. माणसाचा क्षय गुरांना व हत्तींना होतो. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना मे २०२१ मध्ये कोव्हिडचा संसर्ग झाल्याचे आढळले. सशांच्या बाबतीत दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३२ ते १९३४ या काळात व हॉलंडमधील उत्रेख्त येथे १९४१ मध्ये पाळलेल्या सशांत देवीसारख्या प्राणघातक साथी आल्या. त्यांच्या मुळाशी असलेला विषाणू व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार होता. रानातील सशांत तो आढळत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतील लशीचा विषाणूच सशांत शिरला असावा, असे मानतात. दुसरे उदाहरण पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे. सशांच्या व्यापारी पैदास केंद्रांना सतावणारा या जंतूचा एक प्रकार सुमारे चाळीस वर्षांपूर्वी माणसातून सशांत गेला व त्यासाठी त्याच्या जनुकद्रव्यातील एकाच घटकाचा बदल पुरेसा ठरला, असे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. घरी ससा पाळणाऱ्याने हातावर गळू असताना त्याला हाताळू नये, या साध्या सूचनेमागे एवढा इतिहास आहे.

नंतरचा काळ : देवीची लस बंद झाल्यावर म्हशींची देवीही हळूहळू नाहीशी होईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. दंडावरील फोड नाहीसे झाले, तरी म्हशींत रुजलेला विषाणू त्यांच्यावाचून टिकून राहिला. १९८५–८७ च्या साथींनंतर १९९२ ते १९९६ या काळातही महाराष्ट्रात साथी आल्या, त्यांचा अभ्यास करण्यात आला. २००९ मध्ये सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर माणसांनाही लागण झाली. कराचीतील रुग्णालयांच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागांत २००४-०५ मध्ये हाच विषाणू पसरल्याचे आढळले. तेथे जखमांवर लावलेल्या म्हशीच्या चरबीवर प्रथम संशय घेण्यात आला.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे लम्पी त्वचारोगाचा त्या वर्षीचा राज्यातील पहिला प्रादुर्भाव नोंदविला गेला व काही आठवड्यांत तो महाराष्ट्रभर पसरला. अंगावर गाठी आणणाऱ्या या रोगाचा विषाणूही देवीच्याच कुलातील असल्याने त्याची म्हशींच्या देवीशी गल्लत होऊ शकते. परंतु दोन्ही रोग भिन्न आहेत. लम्पी मुख्यतः गायी-बैलांना होतो, माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरतो आणि माणसाला होत नाही. त्या वर्षी रोगप्रतिबंधासाठी शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. एका जनावराच्या देवीपासून केलेल्या लशीने दुसऱ्याचे रक्षण करण्याची जेन्नरची युक्ती सव्वादोनशे वर्षांनी तापीकाठच्या गोठ्यांत पुन्हा उपयोगी पडली.

म्हशींच्या देवीच्या बाबतीत माणसांची स्थिती मात्र उलट झाली आहे. देवीची लस टोचलेल्या माणसाला या विषाणूपासून बरेच संरक्षण मिळे, कारण लस आणि रोग यांचा विषाणू जवळपास एकच आहे. १९८० नंतर जन्मलेल्यांना ही लस मिळालेली नाही. धुळे व जळगावकडील खेड्यांत दंडावर लशीचे वाटोळे व्रण असलेली माणसे आता पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढची आहेत, आणि गोठ्यातले काम त्यांच्या मुला-नातवंडांकडे गेले आहे. १९७६ च्या साथीत फोड आलेल्या म्हशीखाली बसणारा माणूस बहुधा लस घेतलेला असे, आज तो बहुधा नसतो. म्हशींसाठी या रोगावरील लस नेहमीच्या वापरात नाही. धार काढण्याच्या क्रमाची व हात धुण्याची खबरदारी हाच अद्याप मुख्य उपाय आहे.